हौदातले फिके नर

आमच्या शेतातल्या हौदात गप्पी मासे आणून सोडले ते मी. आशाताई आरोग्य उपकेंद्रातून प्लास्टिकच्या पिशव्यांत ते इवलेसे मासे वाटत होत्या, डासांच्या अळ्या खातात म्हणून. मी पिशवी सांभाळत नायगावच्या रस्त्यानं शेतापर्यंत आले आणि विहिरीशेजारच्या सिमेंटच्या हौदात ती उलटी केली. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "आता एवढंच ऱ्हायलं होतं." पण वर्षभरात हौद माशांनी नुसता भरून गेला.

गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो. मादी मोठी, पोटुशी, राखी रंगाची. नर बारका, पण ऐट काय त्याची! शेपटीवर नारिंगी, निळे, काळे ठिपके, आणि सारखा मादीच्या मागं मागं. पाण्याला गेले की मी काठावर बसून त्यांची गंमत बघायची. पावसाळा आला की गावातल्या बाया लोटा, बरणी, हाताला लागेल ते घेऊन माझ्याकडं यायच्या. "वहिनी, तुमचे मासे द्या वं थोडे." मी द्यायची. मला ते फार आवडायचं, उगीच कशाला लपवू?

आवडायचं, कारण ह्याच बाया एरवी मला डोहाळजेवणाला बोलवायच्या नाहीत. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. कुणाची ओटी भरायची असली की मला मागं बसवायचे. उपास झाले, नवस झाले, माझ्या माहेरी उदगीरला जंगमाकडून विभूती आणून झाली. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यात तर काही दिसत नाही. आता मिस्टरांना घेऊन या." आमचे हे गेले नाहीत. "मला काय धाड भरलीय?" म्हणाले, आणि विषय तिथंच संपला. दोष माझ्याच नावावर राहिला.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, फार शिस्तीचे. फवारणीचा पंप घाण ठेवलेला त्यांना खपत नाही. ऊस असो का सोयाबीन, तणनाशक मारून झालं, कीटकनाशक मारून झालं, की पंप हौदावर खळखळून धुवायचा आणि मगच घरी आणायचा. कठड्यावरचं पाणी परत हौदातच उतरायचं. औषध मोजायचं झाकण तर हे हौदातच बुचकळून काढायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, बैलं ह्यातलंच पितात. आपणबी पितो." मामा हसले. "पोरी, तुझे मासे बघ की कसे फिरून राहिले. इख असतं तर उताणे पडले नसते का?"

मलाही ते पटलं. मग सगळ्या शिवारात हीच परीक्षा झाली. मासे जिवंत हायेत, म्हणजे पाणी बरं हाय. शेजारच्या शेतातले गडीसुद्धा पंप धुवायला आमच्याच हौदावर यायला लागले.

पुढं एका पावसाळ्यात बाया बरण्या घेऊन आल्या आणि त्यांना द्यायला पिल्लंच नव्हती. मोठे मासे होते, सावकाश फिरत होते, टाकलेलं खात होते. मी म्हटलं, मेल्यांनी आपलीच पिल्लं खाल्ली असतील, तशी खोड असते त्यांना. पिल्लांना लपायला म्हणून पाण्यातली शेवाळ आणून टाकली. काही उपयोग नाही. शेवटी काठावर बसून नीट बघितलं तर नरांचा रंगच उडालेला. नारिंगी ठिपका पार पुसट. माद्यांच्या मागं लागणंही थांबलेलं. एकेकाला बघून हा नर का ही मादी, ते मला सांगता येईना.

असल्या गोष्टी गावात पसरायला कितीसा वेळ लागतो? पाणी भरताना एक शेजारीण बोललीच, मी ऐकावं अशा बेतानं. "तिच्या हातचं मासंबी व्यायचं बंद झालं बाई." सासूबाई माझ्याशेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. शेजारणीपेक्षा मला त्याचंच वाईट वाटलं. घरी येऊन भाकरी थापता थापता रडले आणि सगळ्या भाकरी करपवल्या. त्या दिवशी सगळ्यांनी गुमान खाल्ल्या.

राग आला की मला स्वस्थ बसवत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या शेजारणीच्या दारात उभी. "तुमच्या टाकीत माझे मासे हायेत न्हवं? दावा बरं." तिनं झाकण काढलं. आत पिल्लांचा नुसता बुजबुजाट! नर असे झगमगीत, की बघत राहावं. माझ्याच हौदातून नेलेल्या माशांची ही पैदास.

"मग? माझ्या हातचं व्यायलं का न्हाई?"

"अवं वहिनी, आपलं बोलण्यात आलं..."

"यायचं न्हाई बोलण्यात," म्हटलं, आणि तिच्याच बरणीत थोडे मासे घेऊन निघाले.

ते आणून हौदात सोडले. थोडे दिवस बरे दिसले. मग हळूहळू त्यांचाही रंग गेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मासे तेच, हात तोच. वेगळं होतं ते पाणी.

माझी धाकटी बहीण नांदेडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिला फोन लावला. वाटलं हसेल, पण हसली नाही. "आक्का, त्या हौदात काय मिसळतं?" मी पंपाचं सांगितलं. ती म्हणाली, "शरीरात आतल्या आत निरोप फिरत असतात बघ. रंग चढू दे, अंडी तयार होऊ दे, असे. ही काही औषधं त्या निरोपांची नक्कल करतात, न्हाईतर त्यांना वाटेतच अडवतात. एवढ्या थोड्यानं मासा मरत न्हाई. जगतो, खातो, फिरतो. फक्त त्याचं नरपण जातं."

"म्हणजे मासे जिवंत हायेत त्याला काहीच अर्थ न्हाई?"

"न्हाई. आणि एकट्या माशांचं न्हाई हे. बेडकांच्या नरांच्या पोटात अंडी सापडलीत. काही शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचं कवच इतकं पातळ झालं, की आई उबवायला बसली की अंडी फुटायची. तुमच्या ओढ्यातले बेडूक वरडतात का गं अजून?"

मला आठवेना. हौदाचं पाणी त्याच ओढ्यात जातं. पूर्वी पावसाळ्यात तिथल्या बेडकांपायी बोललेलं ऐकू यायचं नाही. तो गलका कधी थांबला, ते आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"तुमच्या हौदात तेच झालंय, असं पाणी तपासल्याबिगर मी छातीठोक सांगणार न्हाई," बहीण म्हणाली. "पण पंप धुणं बंद करा. आणि ते पाणी पिऊ नका." फोन ठेवता ठेवता मी विचारलं, "माणसाला बी होतं का गं असं?" ती म्हणाली, "अभ्यास चालू हायेत आक्का. एकट्यादुकट्याचं कुणी सांगू शकत न्हाई."

मी घरात सगळं सांगितलं. मामांनी एका शब्दानं वाद घातला नाही, हे त्यांचं मी मानते. सकाळी स्वतः जाऊन हौदाकाठी बसले, खूप वेळ पाण्याकडं बघत राहिले. मग माणसं बोलावली. मासे बोअरच्या पाण्याच्या पिंपात काढायचे, हौद उपसायचा, तळाचा गाळ ओढ्यापासून लांब खड्ड्यात पुरायचा. इथून पुढं पंप धुतलेलं पाणी त्याच पिकावर फवारून टाकायचं, हौदाजवळ पंप आणायचाच नाही. आजूबाजूचे लोक जमले, ती शेजारीणही आली. मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "बिचाऱ्या माशांना कशाला नावं ठेवायची? त्यांचा काय दोष? आपणच पाणी खराब केलं."

"हाव, खरं हाय," सगळे म्हणाले.

मी बादली धरून उभी होते. खरं सांगते, मला त्या माशांचा हेवा वाटला. त्यांच्यासाठी सगळं घर एका सकाळीत पाण्याकडं बघायला लागलं होतं. माझ्या बाबतीत इतक्या वर्षांत माझ्याशिवाय दुसरीकडं बघावं, असं एकालाही वाटलं नव्हतं.

हे गुडघाभर पाण्यात उतरून ओंजळीनं मासे काढून राहिले होते. बनियन भिजून पाठीला चिकटलेलं. ह्याच पाठीवर वर्षानुवर्षं तो गळका पंप वाहिला, हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही. मला ह्यांचा राग यायला हवा होता. आली ती काळजी, आणि ती पोटातून आली.

"अहो," मी म्हटलं, "उद्या नांदेडला जायचंय. दवाखान्यात. दोघांनी."

ह्यांनी मामांकडं बघितलं. मामांनी मान खाली घातली. मग ह्यांनी आपल्या आईकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघून राहिलास?" सासूबाई म्हणाल्या. "तिनं एकटीनं लई तपासण्या केल्या. आता तू जा."