गवताखालची रोपं

जोगेश्वरीच्या चाळीत सुलक्षणाबाई परबांची गॅलरी म्हणजे रोपवाटिकाच होती. बालवाडीतून निवृत्त झाल्यावर त्या आरे कॉलनीच्या रस्त्यावर करंज, बेहडा, कुसुमच्या बिया वेचायच्या आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रुजवायच्या. त्यांचे यजमान जयवंत लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून नुकतेच मोकळे झालेले. झाडांतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण पिशव्या उचलायला ते असायचे.

त्या जूनमध्ये आरेतल्या एका पाड्यामागच्या उघड्या उतारावर, तिथल्या लोकांना विचारून, दोघांनी रोपं लावली. खरं काम आता गवताचं, असं सुलक्षणाबाई म्हणाल्या. पावसात पाणी सगळ्यांना पुरतं. पाऊस थांबला की मातीतली ओल गवत आधी ओढून घेतं, रोपाच्या मुळाला काही ठेवत नाही. म्हणून रोपाभोवती हातभर जागा मोकळी ठेवायची. त्यांनी वाकून करूनही दाखवलं.

श्रावण लागताना त्यांना कावीळ झाली आणि तपासण्यांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. जयवंत हॉस्पिटलातून हलेनात. मुलगी श्रुतिका ऑफिसातून आली की त्यांना घरी पाठवायची. ते आंघोळ करून लगेच परत यायचे. उताराकडे फिरकणं झालंच नाही.

शुद्ध हरपण्याआधी सुलक्षणाबाईंनी विचारलं, "गवत काढलात मा?"

"होय गो, काढलंय."

त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान जयवंतांना पाहवलं नाही.

नवरात्राआधी त्या गेल्या. दिवसकार्य उरकून जयवंत विळा घेऊन उतारावर गेले. गवत छातीला लागत होतं, शेंडे पिवळे पडू लागलेले. रोपं कुठे लावली तेच समजेना. गुडघ्यांवर बसून, हातांनी गवत सारत ते एकेक रोप शोधत राहिले. उजेडासाठी काडीसारखी वाढलेली, पानं गळालेली. खोडावर नख मारलं की आत हिरवं दिसायला हवं. बहुतेकांत तपकिरी निघालं. मुळाशी बोटं घातली तर मातीचा भुगा, आणि त्यात गवताच्या मुळांचं घट्ट जाळं.

जी थोडी जिवंत होती त्यांच्याभोवतीचं गवत त्यांनी मुळासकट उपटलं. ओल टिकावी म्हणून तेच बुंध्याशी पसरलं आणि पाड्यावरच्या नळाचं पाणी कॅनने वाहिलं. हिवाळाभर जात राहिले. तरी उन्हाळा संपेपर्यंत एक करंज तेवढा उरला.

पुढच्या आषाढात श्रुतिका त्यांच्याबरोबर आली. करंजाकडे बघत जयवंत म्हणाले, "तुझ्या आईशी मी खोटं बोललो. गवत काढलं म्हणून सांगितलं."

श्रुतिका म्हणाली, "तिने मलाही विचारलं होतं, बाबा. मीपण हो म्हटलं."

जयवंत चिखलातच खाली बसले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा ते मुलीसमोर रडले. ती शेजारी बसून करंजाभोवतीचं कोवळं गवत उपटत राहिली.