दिगूचं औषध

मानपूरच्या मोटार स्टँडवर मला सोडायला सगळे आले, दिगू तेवढा आला नाही. माझा धाकटा भाऊ. पंचवीस वर्षांचा घोडा, पण समज पाच वर्षांच्या पोराची, त्यात फिट यायची. गाडी सुटताना आई म्हणाली, "त्याला औषध कोण देईल गं? त्याला तर तुझ्याच हातचं लागतं." मी रडले. पण खरं सांगते, ते ऐकून मला फार बरंही वाटलं.

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा झाला होता आणि इंदूरला मला नोकरी लागली, तीही औषधं देण्याचीच. स्नेहलतागंजात एका ट्रस्टनं दोन घरं भाड्यानं घेऊन दिगूसारख्या मोठ्या माणसांची सोय केली होती. राजवाड्याजवळच्या दवाखान्यातून मिक्श्चरच्या बाटल्या आणायच्या, टोपलीतून दोन्ही घरी न्यायच्या आणि समोर उभं राहून एकेकाला डोस पाजायचा. नियम कडक. आधी बाटलीवरची कातरलेली कागदाची पट्टी बघायची, किती डोस उरलेत ते कळायला. मग वही बघायची, मग औषध द्यायचं, मग सही. हरिभाऊ म्हणून पन्नाशीचे एक होते, ते रोज म्हणत, "देख लो बाई, सगळं गिळलं. आता शाबासी द्या!" मी द्यायची. पण उठता-बसता वाटायचं, ही शाबासकी दिगूची आहे.

मग दादाचं लग्न झालं आणि त्याचं पत्र आलं. 'दिगू हिच्या हातून मुकाट्यानं औषध घेतो. तू काळजी करू नकोस.' बातमी किती चांगली! माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. जे मी सात वर्षं विनवण्या करून, गूळ दाखवून जमवलं, ते या देवासच्या मुलीला महिन्याभरात जमलं?

दिवाळीला सकाळच्या पहिल्या गाडीनं घरी पोचले. दिगू वहिनीचा पदर धरून ओट्यावर बसला होता. मला बघून हसला, पण उठला नाही. वहिनी पाण्याला गेली तशी मी फळीवरची बाटली काढली आणि गुळाच्या खड्याबरोबर त्याला डोस दिला. त्यानं निमूट घेतला. जिंकले, असंच वाटलं मला. पट्टी बघितली नाही, कुणाला विचारलं नाही. इंदूरला असं कुणी केलं असतं तर त्याला कामावरून काढा म्हणून मी भांडले असते.

वहिनीनं मी यायच्या आधीच औषध दिलं होतं. दुपारी दिगू उठेना. हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं, तरी डोळे किलकिले करून पुन्हा झोपायचा. महूहून डॉक्टर आणावे लागले. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "अहो वन्सं, मी तर केव्हाच देऊन टाकलं होतं ना. एक बार विचारायचं तरी!"

दुसऱ्या दिवशी तो नीट जागा झाला आणि पहिली हाक मारली ती वहिनीला. माझ्या जिवात जीव आला, आणि त्याच क्षणी मी पुन्हा जळलेही. आहे मी अशी.

पुढच्या खेपेला औषधाची वेळ झाली तेव्हा वहिनीनं आपणहून बाटली माझ्या हातात दिली. "घ्या वन्सं, आज तुम्हीच द्या. मी नाही दिलंय अजून." तिच्या मनात काडीचा राग नव्हता, आणि मला तिचा सर्वांत जास्त हेवा वाटला तो याचाच.

घर कुठलं, असं कुणी विचारलं तर अजून मी मानपूरच सांगते. तिथं गेले की वहिनी बाटली पुढे करते, पाहुण्याला पहिलं ताट वाढावं तशी. मला मान नको होता. मला माझं रोजचं काम हवं होतं, आणि ते आता तिचं आहे.