पाण्याची वही

चावीबाईच्या कमरेला एकोणीस घरं होती आणि राहायला एक खोली. तीही भाड्याची, बेकरीच्या मागची, भट्टीला पाठ लावून बांधलेली. उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस पावासारखा भाजून निघायचा.

एकोणीस घरं म्हणजे एकोणीस चाव्या. शहरातल्या लोकांनी सुट्टीसाठी घेतलेली घरं होती ती, सगळी तळ्याच्या बाजूची, ऊन-वारा चांगला असलेली. थोडक्यात, गावातली जेवढी बरी घरं होती तेवढी. मालक वर्षातून दोन-तीनदा यायचे, हवा किती छान आहे असं एकमेकांना सांगायचे आणि निघून जायचे. मग ती घरं खुर्च्यांवर चादरी पांघरून पुढच्या सुट्टीची वाट बघत बसायची. चावीबाईने आठवड्यातून एकदा जायचं, खिडक्या उघडायच्या, कुबट वास घालवायचा, बेसिनमधल्या मेलेल्या माशा उचलायच्या. आणि पाणी बघायचं. पाणी बघणं हे खरं काम. त्या गावातली थंडी अशी, की रिकाम्या घरात पाइपात पाणी राहिलं तर गोठून पाइप तडकतो. म्हणून मालक गेला की मेन कॉक बंद करायचा, नळ उघडून पाइप रिकामे करायचे, आणि मालक यायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाणी सुरू करायचं. हे तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. ते गावचे नळवाले. कुणाच्या घराचा कॉक कुठल्या फरशीखाली आहे हे त्यांना डोळे मिटून ठाऊक होतं, आणि त्यांच्या मागे फक्त तिला.

सात नंबरची चावी तिच्या स्वतःच्या आईच्या घराची होती.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या दादाने ते घर विकलं. हिला विचारायचा प्रश्नच आला नाही, कारण कागदावर हिचं नाव नव्हतं. घेणारे साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, हळू आवाजात बोलणारे. स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी म्हातारीचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आई, मागची खोली तुमची. शेवटपर्यंत." म्हातारी त्यांना तीनदा 'देव तुमचं भलं करो' म्हणाली. हे शब्द कागदावर कुणी लिहून घेतले नाहीत. आठ महिन्यांनी मागच्या खोलीची भिंत पाडून तिथे काचेची खोली करायचं ठरलं, तळं बघत बसायला. म्हातारी गाठोडं घेऊन बेकरीच्या मागे आली. तिथे ती रोज सकाळी उठून चुकीच्या भिंतीपाशी जायची आणि दार शोधत भिंत चाचपायची. "अगं, दार कुठे केलंय इथलं?" असं विचारायची. पाचव्या महिन्यात ती गेली. साहेबांनी गुच्छ पाठवला. चावीबाईने तो भट्टीत घातला.

आणि तरीही सात नंबरचं काम तिने सोडलं नाही. लोक म्हणाले, बाई निगरगट्ट आहे. निगरगट्ट कसली! बंद घराला वारा दाखवावा लागतो, तसा रागालाही दाखवावा लागतो, नाहीतर तो कुजून जातो, एवढं तिला कळत होतं. दर आठवड्याला ती काचेच्या खोलीत जायची, आईची खाट जिथे होती तिथे मिनिटभर उभी राहायची आणि मग काचा पुसायला घ्यायची. अगदी लख्ख पुसायची.

चौथ्या वर्षी साहेबांकडे पाणी गळून लाकडी फरशी फुगली. साहेबांनी फोनवर तिला इतकं झापलं की बेकरीवाल्याने भट्टी सोडून कान टवकारले. पुढे निघालं की साहेबांच्या बायकोनेच न्हाणीघरातला नळ अर्धवट सोडला होता. माफी मागायचं राहिलं बाजूला, साहेब पुढच्या वेळी एक जाडजूड वही घेऊनच आले. आत स्वतः पट्टीने रेघा मारून आणलेल्या. तारीख, पाणी सुरू, पाणी बंद, मालकाची सही.

"बाई, तुमच्यावर अविश्वास नाही हं," ते म्हणाले. "पण आपली एक पद्धत असावी."

मग काचेच्या खोलीत बाकीच्या मालकांना बोलावून त्यांनी ती पद्धत सगळ्यांच्या गळी उतरवली. आल्या दिवशी सही, जायच्या दिवशी सही. चावीबाई मान खाली घालून ऐकत होती. वडिलांनी जन्मभर गावाचं पाणी सांभाळलं, त्यांच्याकडे कुणी कधी सही मागितली नव्हती. हा अपमान तिने गिळला, पण पचवला नाही. वही मात्र तिने अशी चालवली की विचारू नका. गाडी सुरू करून निघालेल्या माणसाच्या खिडकीतून ती वही आत सरकवायची. "साहेबांची पद्धत आहे," म्हणायची. सात वर्षांत तीन वह्या भरल्या आणि एकही रकाना रिकामा राहिला नाही.

तिला एक लेक. गावच्या दवाखान्यात नर्स. अर्ध्या गावाला तिने इंजेक्शनं दिलेली, पण गावात तिला पाठ टेकायला जागा नाही. तीन वर्षांपूर्वी घरमालकाने तिची खोली सुट्टीवाल्यांना द्यायला काढून घेतली, तेव्हापासून ती, जावई आणि दोन पोरी तालुक्याच्या गावात राहायचे. रोज दीड तास बसने येणं, दीड तास जाणं. धाकटी आईला उभी कमी आणि झोपलेली जास्त बघायची. चावीबाई दुपारी एकोणीस रिकाम्या घरांतल्या बत्तीस पलंगांवरची धूळ झटकायची आणि संध्याकाळी लेकीला बस पकडायला पळताना बघायची. तिचं डोकं फिरायचं नाही तर काय होणार?

आणि मग गावच्या समितीने जुन्या लाकडाच्या वखारीची जागा काढली. बारा छोटी घरं, गावात राबणाऱ्या माणसांना परवडेल अशा भाड्याची, बाहेरच्याला कधीही विकता येणार नाहीत अशी. लेकीने दुपारच्या सुट्टीत जाऊन पावलांनी जमीन मोजली. "आई, इथे पोरींचं कपाट बसेल," म्हणाली. चावीबाईने तिला इतकं हसताना तीन वर्षांत बघितलं नव्हतं.

वखार नेमकी काचेच्या खोलीच्या समोर. महिन्याभरात बेकरीच्या दारावर कागद लागला. तळ्याकडच्या रहिवाशांचा या घरांना विरोध आहे, त्याने गावाचं सौंदर्य बिघडेल, खाली नवरा-बायकोंच्या मिळून सत्तावीस सह्या, पहिली साहेबांची. नियम असा होता की त्या बाजूच्या निम्म्याहून जास्त रहिवाशांनी विरोध केला तर योजना गुंडाळायची. चावीबाईने चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. 'रहिवासी' या शब्दावर तिची नजर अडकली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. सह्या तर तिच्या ओळखीच्याच होत्या, एकूण एक.

सुनावणी शाळेत झाली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समोर जिल्ह्याहून आलेली अधिकारी बाई, सर्दीने नाक लाल झालेली. साहेब उठले आणि त्याच हळू आवाजात बोलले. "आम्हाला बाहेरचे म्हणतात याचं वाईट वाटतं. आम्ही इथलेच आहोत. मी स्वतः निम्म्याहून जास्त वर्ष या गावात असतो."

"आणखी कुणाला बोलायचंय?" अधिकारी बाईने विचारलं.

चावीबाई उठली. पावाच्या पिशवीतून तिने तीन वह्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"साहेबांचं पाणी गेल्या वर्षी एकोणचाळीस दिवस सुरू होतं," ती म्हणाली. "त्याच्या आदल्या वर्षी चव्वेचाळीस. बाकीचं वर्ष ते इथे पाण्याशिवाय राहिले असतील तर मला माहीत नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हे लिहिलंय कुणी?" अधिकारी बाईने वही उघडली.

"तारखा माझ्या. सह्या त्यांच्या. जुळवून बघा."

बाईने विरोधाचा कागद वहीशेजारी धरला. चावीबाई थांबली नाही. चौदा नंबर, अकरा दिवस. तीन नंबर, सहा दिवस. नऊ नंबर, दोन वर्षांत पाणी सुरूच नाही. ती एकेक घर वाचत गेली आणि एकेक मालक बाकावर लहान होत गेला. तिला घाई नव्हती. अकरा वर्षं थांबलेल्या माणसाला कसली घाई?

साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "बाई, हा विश्वासघात आहे!"

"विश्वास कुठे होता, साहेब? असता तर सह्या कशाला घेतल्या असत्या?"

विरोध तिथेच निकालात निघाला. लोकांनी बाक वाजवले. चावीबाई त्याच वेळी खाली बसली असती तर बरं झालं असतं. पण तिचं अजून पोट भरलं नव्हतं. अधिकारी बाईने विचारलं, घरं देताना 'इथला माणूस' कुणाला म्हणायचं? तशी ही साहेबांच्या डोळ्यात डोळे घालून कडाडली, "लिहा! सरत्या वर्षात ज्याने दहा महिने या गावात पाठ टेकली, तोच इथला. बाकी कुणी नाही." पुन्हा बाक वाजले. समितीने माना डोलावल्या आणि बाईने नाक पुसत लिहून घेतलं.

लेकीने बाक वाजवला नव्हता. शाळेबाहेर ती आईजवळ आली. "आई, मी कुठे झोपते?"

चावीबाईच्या हातातली पिशवी खाली आली.

"त्यांना मोजायला गेलीस," लेक म्हणाली, "आणि मलाच मोजलंस."

नियम बदलून मागायला चावीबाई दोनदा जिल्ह्याला जाऊन आली. नियम गावानेच मागितला होता, तोही तिच्या तोंडून. बेकरीवाला म्हणाला, आपण सगळे लिहून देऊ, लेक इथेच राहते म्हणून. खोट्या सह्या! चावीबाईने नकोच म्हटलं. खऱ्या सह्यांवर जिंकलेली बाई खोट्यांवर कशी जगणार? पण आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. रागाच्या भरात आपण आपल्याच पोरीच्या तोंडचा घास काढला, हे तिला आरशात बघताना दिसायचं. शेवटी लेकच म्हणाली, "अगं, तू अर्ज कर ना. तू तर जन्मभर इथेच झोपलीस." गंमत म्हणजे हे चावीबाईच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्यांची घरं उघडता उघडता आपल्यालाही घर लागतं हे ती विसरून गेली होती.

तिने बारा नंबर मागितलं. साहेबांच्या कुंपणाला अगदी चिकटून म्हणून ते कुणालाच नको होतं. एक खोली आणि स्वयंपाकघर. घरं बांधून झाल्यावर लेक, जावई, दोन पोरी असे सगळे तिथेच राहायला आले, दाटीवाटीने, दहा महिने भरेपर्यंत. मागच्या बाजूला आणखी सहा घरं होणार होती, त्यांतलं एक लेकीचं व्हायला हवं होतं. थोरली नात रोज सकाळी दारामागे खडूने एक रेघ मारायची. आणि चावीबाई रोज सकाळी पाच माणसांचं धुणं काचेच्या खोलीच्या बरोबर समोर वाळत घालायची. परकर पुढे, चादरी मागे.

चाव्या अर्थातच गेल्या. सुनावणीनंतर आठवड्याभरातच मालकांनी एकेक करून परत नेल्या होत्या. साहेब सगळ्यात शेवटी आले आणि न बघता हात पुढे केला. तिने कडीतून सात नंबर सोडवून त्यांच्या तळव्यावर ठेवला.

"आणि वही?"

"वही माझी आहे."

शहरातल्या कुठल्याशा कंपनीला काम मिळालं. सारख्या रंगाचे शर्ट घातलेली दोन माणसं महिन्यातून एकदा यायची, फोटो काढायची आणि जायची. पाणी म्हणून ती मोरीखालचा छोटा कॉक बंद करायची. मेन कॉक बाहेर अंगणात, वडिलांनी बसवलेल्या फरशीखाली आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. चावीबाईला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

दोनशे पंधरावी रेघ मारली त्या सकाळी आठवडाभराच्या कडाक्यानंतर ऊन पडलं होतं. दवाखान्याला सुट्टी, म्हणून लेक घरीच होती. चावीबाई चहा घेऊन खिडकीशी बसली आणि तिला दिसलं की काचेच्या दाराखालून पाणी येतंय. आधी बोटभर, मग हातभर. बरोबर आईची खाट होती तिथून. फुगलेली फरशी आतून काचेला रेटत होती. तिने वही काढली, सात नंबरचं पान उघडलं, तारीख घातली आणि मग फोन लावला.

"साहेब, पाणी सुरू झालंय."

"काय? कोण बोलतंय?"

"सात नंबरचं. काचेच्या खोलीतून बाहेर येतंय. मी लिहून ठेवलंय. सही कुणाची घेऊ?"

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. "बाई, आधी बंद करा ते! मला पोचायला चार तास लागतील. प्लीज, बाई!"

"माझ्याकडे चावी कुठे आहे, साहेब?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लेक धाकटीला कडेवर घेऊन मागे उभी होती. तिने कुंपणापलीकडचं वाढतं पाणी बघितलं. मग म्हणाली, "आई, मेन कॉक तर अंगणात आहे. आजोबांच्या फरशीखाली. त्याला चावी कुठे लागते?"

"नाही लागत," चावीबाई म्हणाली, आणि तिने आणखी एक कप चहा ओतून घेतला.