हातभर चुकलेला प्रकाश

एका नर्तिकेचा चेहरा मी अंधारात ठेवला आणि त्याबद्दल स्वतःचे कौतुक करून घेतले. ही गोष्ट मी जवळजवळ तीस वर्षे कोणालाही सांगितली नाही. उलट त्याच विषयावर व्याख्याने दिली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यास मी वाशी-नेरुळच्या सभागृहांत नाटकांची आणि नृत्यांची प्रकाशयोजना करीत असे. नवे शहर तेव्हा संस्कृतीच्या बाबतीत फार घाईत होते. सोसायटीत पाणी येण्याआधी सांस्कृतिक मंडळ येई आणि मंडळाला कार्यक्रम सुचण्याआधी सत्कारमूर्ती सुचत. मीही घाईतच होतो. पंचविशीतच दाढी राखून ‘प्रकाशाशी संवाद’ वगैरे बोलत असे. प्रत्यक्षात माझा संवाद मुख्यतः उडालेल्या फ्यूजशी चाले.

त्या नृत्यनाटिकेतली मुख्य नर्तिका दिवसा बँकेच्या काउंटरवर बसे आणि संध्याकाळी गुरूंकडे तालमीला जाई. बारा वर्षे समूहात नाचल्यावर तिला पहिल्यांदा एकल नृत्य मिळाले होते. अखेरपर्यंत तिने पाठमोरे नाचायचे आणि शेवटच्या आवर्तनात वळून चेहरा दाखवायचा, अशी रचना होती. त्या चेहऱ्यासाठी वरच्या दांडीला एकच दिवा बांधला होता आणि तिने नेमके कोठे थांबायचे ते दाखवायला मी रंगमंचावर पांढरी चिकटपट्टी लावली होती. “आज जमलं तर पुढचे सगळे प्रयोग तुझे,” असे गुरूंनी तिला सांगून ठेवले होते.

प्रयोगाआधी पाहुण्यांचे सत्कार होते, त्यासाठी रंगमंचावर गालिचा अंथरला गेला. मंडळाने ऐन वेळी प्रकाशयोजनाकाराचाही सत्कार ठरवला. नको नको म्हणत मी विंगेत सर्वांच्या पुढे जाऊन उभा राहिलो होतो. भाषणे लांबली. शेवटी गालिचा गुंडाळला, तेव्हा त्याच्याबरोबर माझी पट्टीही उचकटून आली. पडदा उघडायला पाच मिनिटे उरली होती. खांद्यावरची सत्काराची शाल सावरत मी अंदाजाने नवी पट्टी लावली.

सभागृहाचा वायरमन जवळच्याच सारसोळे गावचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. तो जवळ येऊन म्हणाला, “साहेब, पट्टी हालली हाय. येकदा दिवा लावून बगा ना.”

“दादा, अंदाज आहे मला.”

“अंदाज असंल, पन वाकताना सगला जीव शालीत व्हता तुमचा.”

मी हसून त्याला वाटेला लावले.

शेवटच्या आवर्तनात ती वळली आणि अचूक पट्टीवर येऊन थांबली. प्रकाश तिच्यापासून हातभर बाजूला पडला. त्यात फक्त तिचा पसरलेला तळवा उजळला. चेहरा काळोखात राहिला. डोळ्यांवर उजेड येत नाही हे तिला जाणवले असणार, पण पट्टी सोडायची नाही ही शिस्त तिने मोडली नाही. माझी बोटे डिमरवर होती. बाकीच्या दिव्यांचा उजेड थोडा वाढवला असता तर तिचा चेहरा दिसला असता. मात्र त्याबरोबर माझी चूकही दिसली असती. मी बोटे हलवली नाहीत.

पडदा पडल्यावर गुरू विंगेतच तिच्यावर कडाडल्या, “जागा सोडलीस! बारा वर्षं हेच शिकवलं का गं मी?”

“नाही हो ताई, पट्टीवरच होते मी.”

गुरू माझ्याकडे वळल्या. “काय हो, पट्टी बरोबर होती ना?”

“मॅडम, पट्टी मी स्वतः लावली होती,” मी अतिशय नम्रपणे म्हणालो.

या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. अशी वाक्ये रचण्यात मला तेव्हा विशेष गती होती.

पुढचे प्रयोग दुसरीला मिळाले. मला मिळाले ते एका साप्ताहिकातले परीक्षण: चेहरा नाकारून तळव्याला बोलते करणारी धाडसी प्रकाशयोजना! मी ते कात्रण लॅमिनेट करून घेतले आणि मग धाडसीच झालो. चांगल्या चांगल्या नर्तिकांचे चेहरे विनाकारण विझवले. एक तर काकुळतीने म्हणाली, “सर, तळवलीहून माझी आत्या येणार आहे. यातली मी कुठली, एवढं तरी तिला कळू द्या.” अंधाराच्या सौंदर्यावरील माझ्या व्याख्यानांना श्रोते मान डोलावीत. अंधारात काय आहे असे विचारण्याची सहसा कोणाची हिंमत होत नाही.

गेल्या वर्षी त्या नृत्यनाटिकेतल्या नर्तिकेचा फोन आला. बँकेतून निवृत्त होऊन ती आता नेरुळला नृत्यवर्ग चालवते. वार्षिक कार्यक्रमाचे दिवे मी करावेत, अशी तिची इच्छा होती. मी दुपारी वर्गावर गेलो. एका विद्यार्थिनीचे पाऊल खुणेवरून सरकले, तशी ती म्हणाली, “जागा सोडायची नाही हं. माझी एकदा सुटली होती. आपण बरोबर उभ्या आहोत असं वाटत असतं, पण पाय फसवतात.”

ती मला मनातून शिव्या देत असेल, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. त्यात एक प्रकारची सोयही होती. तिने अविश्वास ठेवला होता तो स्वतःच्या पायांवर.

मुली बाहेर जाईपर्यंत थांबावे, असे जुन्या सवयीने मनात आले. मी थांबलो नाही. सर्वांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, “मॅडम, तुमची जागा सुटली नव्हती. पट्टी मी चुकीच्या ठिकाणी लावली होती, आणि प्रकाश पडताच ते मला कळलं होतं. दिवे वाढवता आले असते, मी वाढवले नाहीत. ताईंनी विचारलं तेव्हाही तुम्हाला खोटं ठरू दिलं. चूक माझी होती. मला क्षमा करा.”