नकाशा उलटा धरणाऱ्या सदस्यबाई

पंचायत समितीच्या सभेत टेबलावर नकाशा पसरला, की सदस्यबाई पहिलं काम एकच करायच्या. दोन्ही हातांनी कागद धरून गर्रकन उलटा फिरवायच्या. त्यावर ठेवलेली साहेबांची कपबशीही फिरून त्यांच्यापुढं जायची.

"बाई, उत्तर दिशा वर असते," साहेब म्हणायचे.

"असन जी. पण माझं घर खाली हाये. मले खालूनच पाहा लागते."

सभेत एक तरी बाई हवी असा नियम होता आणि निवडून आलेल्यांत एकही नव्हती, म्हणून त्यांना घेतलं होतं. रजिस्टरवर सही करावी, चहा प्यावा आणि चारच्या एसटीनं ब्रह्मपुरीच्या वाटेवरच्या आपल्या गावी जावं, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. बाई चौथी शिकलेल्या, धानाच्या चार बांध्या स्वतः कसणाऱ्या. चहा त्या दोनदा घ्यायच्या. सही मात्र जागा पायांनी पाहिल्याशिवाय करायच्या नाहीत. "कागदाले चिखल लागत नाई," म्हणायच्या, "म्हणून साहेबाले कागद आवडते."

त्यांना जागा दाखवायला न्यायचं काम माझं. मी समितीच्या जीपचा ड्रायव्हर. सातारा जिल्ह्यातला, आठवीत शाळा सुटलेला, आणि हंगामी. हंगामी माणसाचं काळीज सशाचं असतं. साहेबांनी नुसती हाक मारली तरी मला वाटायचं, चला, वळकटी बांधा.

एकदा साहेबांनी माझ्या हातात नकाशा दिला आणि म्हणाले, "यावरून चल." मी मान हलवली, नकाशा स्टिअरिंगवर अंथरला आणि वाटेत भेटेल त्या गुराख्याला विचारत गेलो. साहेब झोपले होते. मागं बसलेल्या बाई जाग्या होत्या. साहेब उतरून गेल्यावर त्यांनी तो नकाशा बॉनेटवर पसरला.

"डायवर भाऊ, तुमाले हे वाचता येत नाई."

मी साहेब गेले त्या बाजूला पाहून घेतलं. "बाई, कुणाला सांगू नका. नोकरी जाईल."

"मले तरी कुठी येत होतं? उत्तर कुठी ते मागून पाहू. आधी आपलं घर कुठी हाये ते पाहा."

माझं घर त्या नकाशात कुठून असणार? ते बाराशे-पंधराशे मैल लांब असल्यासारखं वाटायचं. तसं म्हणालो, तर बाई म्हणाल्या, "मंग भाड्याची खोली शोधा. झोपता ना तिथी?" मी खोलीवर बोट ठेवलं. तिथून नाला सापडला, नाल्यावरून रपटा म्हणजे तो ठेंगणा पूल, रपट्यावरून बाजार. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण कुठंतरी राहतो.

मग ती आरोग्य केंद्राची भानगड आली. समितीनं बाईंच्या गावासाठी आराखडा केला: गावतलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे मातीच्या बांधाखालच्या, मोकळ्या पटांगणावर आरोग्य केंद्र आणि नव्या घरांचे प्लॉट. जागेची पाहणी झाली होती मे महिन्यात. तेव्हा तिथं शेळ्या चरत होत्या. पण श्रावणात तलाव भरला, की सांडव्याचं पाणी त्याच पटांगणातून नाल्याला जायचं. वाट बांधकामानं अडली, तर पाणी वळून शेजारच्या टोलीत शिरणार. टोलीत वीसेक घरं. त्यातलं एक बाईंचं.

"नकाशात पाणी नाही, बाई," साहेब म्हणाले.

"नकाशा उन्हाळ्यात काढला असन."

सगळे हसले. बाई उठून भांडतील असं मला वाटलं. त्या बसूनच म्हणाल्या, "ठीक हाये. पण भूमिपूजन श्रावणात करा. दिवस मी सांगते."

बौद्ध घरातली बाई मुहूर्त काढतेय म्हटल्यावर साऱ्यांना अजून हसू आलं. पण विरोध मिटतोय या आनंदात साहेब हो म्हणाले. जीपमध्ये बसताना बाई मला म्हणाल्या, "आमी मुहूर्त पाहत नाई, भाऊ. तलाव पाहतो."

दोन दिवस झडीचा पाऊस झाला, तिसऱ्या दिवशी लख्ख उघडलं, आणि बाईंचा निरोप आला: उद्या सकाळी या. गावात पोचलो तर पटांगणात मांडव, खुर्च्या, हार, सगळं तयार. पाळ एवढी उंच, की पलीकडे तलाव किती भरलाय हे खालून कळायची सोय नाही. साहेब म्हणाले, "गाडी मांडवाजवळ लाव." बाई हळूच म्हणाल्या, "पाळीवर लावा."

माझी हंगामी छाती धडधडली. पण बाईंनी माझं गुपित कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी गाडी पाळीवर चढवली. साहेबांनी पाहिलं. "तुला उद्यापासून घरी बसवतो," म्हणाले.

गाव जमू लागलं. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कुणाकडे टोपली, कुणाकडे मच्छरदाणीचा तुकडा. ढीवर मंडळी तर जाळी खांद्यावर टाकूनच आली.

"हे कशाला आणलंय?" साहेबांनी विचारलं.

"प्रसादाले," बाई म्हणाल्या.

साहेबांचं भाषण विकासावर आलं आणि सांडवा सुटला. पाणी घोटाभर, पण घाई असल्यासारखं. खुर्च्यांखालून आलं, भूमिपूजनाच्या खड्ड्यात भरलं. पाण्यासोबत मासे आले. आणि मग भाषण कोण ऐकतो! सांडवा सुटायच्या दिवशी मासे धरायचे, हा गावाचा जुना रिवाज. बायकांनी लुगडी खोचली, म्हाताऱ्यांनी धोतरं. एक मरळ साहेबांच्या खुर्चीखाली शिरली, तशी एक आजी "पाय उचला जी" म्हणत त्यांच्या मांडीला धरून खाली वाकली. साहेब बूट हातात घेऊन उभे.

"नारळ फोडा ना, साहेब," बाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "पाणी तं आपसूकच शिंपडलं."

कोरडी जागा एकच होती: पाळीवरची जीप. साहेब तिच्यात येऊन बसले. वरून पाण्याची नाल्यापर्यंतची वाट सरळ दिसत होती. बाईंनी नकाशा त्यांच्या मांडीवर ठेवला. उलटाच. साहेबांनी तो सरळ केला नाही. खिशातली निळी पेन्सिल काढली आणि तलावापासून नाल्यापर्यंत रेघ ओढली. "केंद्र तिकडं, टेकाडावर घ्या," म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "आणि तू उद्या वेळेवर ये."

काही वर्षांनी वडील आजारी पडले, तेव्हा मी नोकरी सोडून गावी निघालो. बाई स्टँडवर आल्या आणि सुकवलेल्या झिंग्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "तुमाले जागा ऐसपैस भेटन," म्हणाल्या. नागपूरपर्यंत माझ्या शेजारी खरंच कुणी बसलं नाही. त्यांना मी परत भेटलो नाही. त्या गेल्याचं कळलं, तेव्हा महिना उलटून गेला होता. त्यांच्या गावाहून आलेल्या पत्रात लिहिलं होतं, टोली जागेवर आहे.

परवा आमच्या गावात नव्या रस्त्याचा आराखडा आला. चावडीत कागद पसरला. मी पुढं झालो, दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला.

"काका, उलटा धरलाय," तो तरुण इंजिनिअर म्हणाला.

"असू दे," मी म्हणालो. "आधी तुझा चहा उचल."