सांडूनं ब्रेक बसवले

कंपनीतून निवृत्त झाल्यावर सांडूला पहिल्यांदा नीट कळलं, की आपल्याला बसून राहता येत नाही. चहा संपला की तो उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा आणि पुन्हा चहा मागायचा. वाळूजजवळच्या रांजणगावच्या चौकात कंपनीची बस थांबली, की तिचा फुसकारा घरापर्यंत ऐकू येई. तेवढ्यानं हा पायात चपला घालून उभा.

त्याची बायको सारजाबाई म्हणायची, "आवं, तुमची पाळी संपली आता. बसा की."

तो बसायचा. गुडघा मात्र हलत राहायचा.

हे काही म्हातारपणाचं नव्हतं. तो गंगापूरकडचा, गोदावरीच्या काठचा. वडिलांचा ऊस होता, चांगला होता, पण सांडूला उसाला पाणी देणं कधी जमलं नाही. पाणी सरीतून आपल्या चालीनं जायचं आणि हा बांधावर येरझारा घालायचा, पायानं वरंबे फोडायचा. वाळूजला कारखाने उभे राहिले तेव्हा तो पहिल्या भरतीतच निघून आला. गाड्यांचे ब्रेक पॅड बनवणाऱ्या कंपनीत लागला आणि तिथंच शेवटपर्यंत राहिला. काळी पूड साच्यात भरायची, लोखंडी पट्टीवर दाबायची, की पुढचा साचा तयार असायचा. प्रेस कुणासाठी थांबत नव्हता. हे काम त्याच्या जिवाला मानवलं.

कामावर असताना कधी कधी त्याच्या मनात यायचं, की आपल्या हातच्या पॅडवर देशभर किती गाड्या थांबत असतील. स्वतःची गाडी मात्र घरी आली ती निवृत्तीनंतर. बरोबरच्या एका कामगाराची जुनी, रुपेरी रंगाची चारचाकी. सांडू रोज ती पुसायचा, चौकापर्यंत नेऊन आणायचा.

पावसाळा सरता सरता गाडीचे ब्रेक ओरडायला लागले. आधी नुसती बारीक शीळ यायची. मग एक दिवस पुढच्या डाव्या चाकातून खरखर आली, लोखंडावर लोखंड घासावं तशी. सांडूनं गाडी बाजूला घेतली. खाली उतरून चाकाच्या फटीतून आत पाहिलं. पॅडचं काळं अंग संपलं होतं. उरली होती नुसती पट्टी.

गॅरेजवाला मिस्त्री म्हणाला, "पुढच्या आठवड्यात आणा काका. लई गाड्या उभ्या हायेत."

पण त्याच आठवड्यात सारजाबाईच्या बहिणीकडं, चतुराबाईकडं, नातवाचं बारसं होतं. चतुराबाई खुलताबादला राहायची, म्हणजे दौलताबादचा घाट आला. गाडीनं जायचं असं सांडूनं गावभर सांगून ठेवलं होतं. तो दुसऱ्या मिस्त्रीकडं गेला नाही. दुकानातून पॅडची खोकी घेऊन थेट घरी आला.

"मीच टाकतो," तो म्हणाला.

सारजाबाई मेथी निवडत होती. "तुम्ही?"

"सारी जिंदगी हेच बनवलं. आन बसवायला दुसऱ्याच्या दारी जाऊ?"

"बनवलं खरं," ती म्हणाली. "बसवलं कवा?"

दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन अंगणात यायच्या आत त्यानं मागच्या चाकांना दगड लावले, नट ढिले केले आणि जॅक चढवून डावं चाक काढलं. फोनवर एका मुलाचा व्हिडिओ लावून तो पायरीवर उभा करून ठेवला होता. मुलगा सगळं झरझर करत होता. सांडूचा पहिला बोल्टच हलेना. पान्यावर पाय देऊन जोर लावला, तर पाना निसटला आणि बोटांची सालं गेली. बोट तोंडात धरून त्यानं अंगणात दोन चकरा मारल्या. फोन पुन्हा पहिल्यापासून लावला.

बोल्ट अखेर सुटला. कॅलिपर, म्हणजे पॅडना चिमटीत धरणारा तो जड लोखंडी भाग, वर उचलला गेला आणि त्याच्या नळीवर ताण यायला लागला. त्यानं सारजाबाईला हाक मारून सुतळी मागितली आणि तो वर बांधून ठेवला. आत दोन्ही बाजूंना जुने पॅड होते. सांडू ते हातात घेऊन उन्हात बसला. असे झिजलेले पॅड त्यानं कधी पाहिलेच नव्हते. त्याच्या हातून गेलेला प्रत्येक पॅड कोरा होता, कडा धारदार, पाठीवर छापा. पुढं त्याचं काय होतं हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

"काय बघत बसले?" सारजाबाईनं विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला आणि घाईघाईनं उठला.

नवे पॅड जाड. ते बसायचे तर कॅलिपरमधला पॅड दाबणारा दट्ट्या मागं ढकलायला हवा होता. सांडूनं क्लॅम्प लावून तो दाबत आणला. हाताला हळू जायची सवय नव्हती. बॉनेटखालच्या डबीतून ब्रेकचं तेल उतू गेलं, ते फडक्यानं पुसलं. आतला पॅड बाहेर आणि बाहेरचा आत असं एकदा झालं, पुन्हा सगळं उघडलं. दुपारी सारजाबाईनं जेवायला हाक मारली तेव्हा तो उभ्यानंच भाकरी खाऊन परत गेला. उजवं चाक त्या मानानं लवकर झालं. सगळे नट आवळून झाल्यावर त्यानं ते पुन्हा आवळले. हात धुऊन आला आणि आणखी एकदा आवळले.

"चल, चौकापर्यंत चक्कर मारू."

"मी कशाला?"

"बस गं. बघ तरी."

ती पदर खोचून शेजारी बसली. त्यांची गल्ली उताराची. खाली समोरच मोहियोद्दीनचं गाद्यांचं दुकान. उन्हं कडक पडली की तो भरलेल्या गाद्या बाहेर रचून ठेवायचा. सांडूनं गाडी चालू केली, हँडब्रेक सोडला. गाडी आपसूक उताराला लागली. वळणाआधी त्यानं ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला. अडला नाही, टेकला नाही, थेट तळाला.

सांडूनं नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं, त्या क्षणी आपण काय केलं. काहीच केलं नव्हतं. पाय तळाला दाबून तो नुसता समोर बघत राहिला. गाडी फार वेगात नव्हती, पण थांबतही नव्हती. गाद्यांची चळत काचेसमोर मोठी होत आली, मऊ धक्का बसला, वरच्या दोन गाद्या बॉनेटवर कोसळल्या आणि इंजिन बंद पडलं. मग सारजाबाईनं हात लांब करून हँडब्रेक ओढला. रोज गाडी उभी करताना सांडू तो ओढायचा, ते तिनं पाहिलं होतं.

मोहियोद्दीन हातातली सुई तशीच धरून बाहेर आला. त्याचा गाद्या पोचवायचा छोटा टेम्पो होता, तो स्वतःच चालवायचा. गाडीचे डाग लागलेल्या चार खोळी त्यानं पाहिल्या, मग सांडूचं तोंड पाहिलं.

"लगी तो नै ना वहिनीला?"

"नाय," सारजाबाई म्हणाली.

"सांडूभाऊ, नवे पॅड टाकले?"

सांडूनं मान हलवली.

"आन पॅडल नाय मारलं पहिले? उभ्या गाडीला पाच-सात बार मारावं लागतंय. दट्ट्या पुढं येतो, मंग धरतं. कुणी सांगितलं नै?"

मुलानं व्हिडिओत सांगितलं होतं. अगदी शेवटी. सांडूनं तिथवर पाहिलंच नव्हतं. नट आवळले गेले तेव्हाच त्याच्या लेखी काम संपलं होतं.

त्यानं तिथंच बसून पॅडल मारलं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला ते जड झालं, मग दगडासारखं घट्ट. ब्रेक बरोबर बसले होते. तरी सांडूनं आणखी दोनदा मारून पाहिलं. नव्या खोळी शिवून देण्याचं त्यानं कबूल केलं. मोहियोद्दीन म्हणाला, "वो देखेंगे. आधी पाणी प्या."

घरी सारजाबाई रागावली नाही. तिनं फक्त एवढंच सांगितलं, "मी बारशाला येष्टीनं जाते."

बारशाच्या दिवशी ती रिक्षानं शहरातल्या बसस्टँडवर गेली. सांडूनं घरात तीनदा चपला घातल्या, तीनदा काढल्या. मग गाडी काढली आणि साजापूरच्या रस्त्यानं शरणापूर फाट्यावर जाऊन थांबला. तिथं उतरून नट तपासले, चाकाला हात लावून पाहिला, पॅडल मारून पाहिलं. पेरूवाल्यानं विचारलं, "काय, बंद पडली का?" तो म्हणाला, "नाय, येष्टीची वाट पाहतोय." पेरूवाला त्याच्याकडं बघतच राहिला.

खुलताबादची बस आली तसा तो तिच्या मागं लागला. दौलताबादच्या दरवाज्याशी वाहनं एकेक करून कमानीतून जात होती. बस अचानक थांबली. सांडूनं ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. कुठं आवाज नाही, खरखर नाही. त्याला बरं वाटायला हवं होतं. पण पुढच्या ब्रेकचा विचार सुरू झाला होता.

बसच्या मागच्या काचेतून सारजाबाईनं त्याला ओळखलं. घाटभर ती मान वळवून बघत होती.

बारशात सगळे पाळण्याभोवती होते आणि सांडू बाहेर गाडीभोवती. चतुराबाईनं घुगऱ्या बाहेरच आणून दिल्या. "दाजी, पोराचं तोंड तरी बघा," म्हणाली. तो आत गेला, पोराचं तोंड पाहिलं, अंगठ्याएवढी मूठ धरून पाहिली, आणि पुन्हा बाहेर आला.

परतताना सारजाबाई थेट गाडीत येऊन बसली. त्यानं तिच्याकडं पाहिलं.

"येष्टीला गर्दी आसंल," ती म्हणाली.

घाट उतरताना त्यानं कुठंच घाई केली नाही. मागच्या जीपवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले, तरी त्यानं वाट दिली ती जागा बघूनच. प्रत्येक वळणाआधी तो पाय हलकेच ठेवून बघायचा, आणि गाडी दर वेळेला ऐकायची. खाली सपाटीला लागल्यावर सारजाबाईनं विचारलं, "आता झालं का समाधान?"

"नाय," तो म्हणाला.

"मला वाटलंच."

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "मला शिकवा ही. त्या दिवशी तुम्ही नुसते बघत बसले. दोघांपैकी एकाला तरी हात हलवता यावा."

दिवाळीनंतर ती खरंच क्लासला गेली. परवाना मिळाला, आता बाजारालाही तीच गाडी नेते. शांतपणे चालवते, घाई नाही, ओरडा नाही. शेजारी सांडू बसलेला असतो. त्याच्या पायाखाली काहीच नाही, नुसती चटई. पण समोर म्हैस आली, सायकल आडवी आली, की त्याचा उजवा पाय जोरात दाबला जातो. तिथली चटई पार झिजून गेली आहे. सारजाबाई ती बदलायचं म्हणते, तो म्हणतो, बदलू की, घरीच बदलू.