किसनकाकांचा कोट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी किसनकाकांचं नाव घेतो. ते माझे नातेवाईक नव्हते. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याकडच्या आमच्या गावात त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं, एवढंच. मी पदवीधर झालो याचं कारण असं की एका हिवाळ्यात किसनकाका आमच्या वावरात बुजगावणं होऊन उभे राहिले.

काका उंच, हडकुळे, थोडे पोक काढून चालणारे. त्यांच्याकडे गावात दुसऱ्या कोणाकडे नसलेल्या दोन वस्तू होत्या. एक, पीक राखण्यासाठी परवाना घेतलेली भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक. दुसरी, त्यांच्या वडिलांचा खाकी कोट. वडील निजामाच्या काळात तहसील कचेरीत चपराशी होते. कोटाला पितळी बटणं होती आणि तो काकांना खांद्यात सैल होता.

आमच्याकडे पारव्यांचा उपद्रव फार. गावाबाहेरच्या बंद जिनिंग कारखान्याच्या छपरात आणि जुन्या विहिरींच्या कपारीत त्यांची वस्ती. हरभरा पेरला की कोंब वर येईपर्यंत ते थव्याने उतरत आणि माती उकरून दाणे वेचत. लोक डबडी वाजवत, गोफण फिरवत. पारवे उडत, एक चक्कर मारत आणि शेजारच्या वावरात बसत. शेजारी ओरडला की परत आपल्याकडे. चार दिवसांनी डबडं वाजलं तरी नुसती मान वर करत. मडक्याच्या डोक्याचं बुजगावणं तर त्यांना बसायला सोयीचं वाटे.

काकांच्या कोटाला मात्र ते भीत. कोट घालून काका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर दिसले की थवा लांबूनच उठे आणि नाल्यापलीकडे जाई. म्हणून पेरणीच्या दिवसांत लोक तो कोट मागून नेत आणि आपल्या बुजगावण्याला चढवत. काका कोणाला नाही म्हणत नसत. अट एकच, कोट धुवायचा नाही. एका बाईने उपकाराची फेड म्हणून तो रिठ्याने धुऊन, घडी घालून परत दिला. मागच्या अंगणात कोट घालून काकांनी आभाळात दोन बार काढले, बाहीचा वास घेतला आणि म्हणाले, "हां. आता झाला आपला."

कोट नुसता टांगून भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. "पारव्याले भेव एकदा दाखवता येते. मंग त्याची याद द्या लागते." चारपाच दिवसांनी ते ज्याच्या वावरात कोट असेल तिथे जात, बुजगावणं काढून ठेवत, कोट अंगात घालत आणि त्याच जागी हात पसरून उभे राहत. बंदूक पायाशी तुरीच्या काड्यांखाली लपवलेली. थवा निर्धास्त होऊन उतरला की बार. बहुतेक वेळा ते डोक्यावरूनच मारत. क्वचित एखादा पारवा पडे. तो उचलताना काकांचा चेहरा उतरलेला असे. मग कोट पुन्हा काड्यांवर जाई आणि काही दिवस त्याचा धाक टिके. वासाने भीत की रंगाने, हे मी कधी तपासलं नाही. जे दिसलं ते सांगतो.

घरी चित्र उलट होतं. काकू सकाळी ज्वारीच्या कण्या टाकत आणि जिनिंगचे तेच पारवे अंगणात उतरत. काका बनियनवर चहा पीत बसलेले, आणि पारवे त्यांच्या पायांमधून फिरत.

"पाहा जी," काकू म्हणत, "तुमाले कोन भेते? कोटाले भेते."

"तू बी तं कोटच पाहून आली होती," काका म्हणत.

"कोटच चांगला होता म्हनून!"

वडील वारले तेव्हा मी आदिलाबादला बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीनंतर हरभरा पेरायचा होता. आईने राखेत घालून ठेवलेलं बियाणं एकदाच पुरेल एवढं होतं. ते पारव्यांनी वेचलं तर वर्षाचं पीक गेलं. आई दिवसभर दुसऱ्यांकडे मजुरीला, म्हणजे राखणीला मीच हवा. मी वसतिगृहातून पेटी घेऊन घरी आलो. काकांनी पेटी ओसरीवर पाहिली.

"काऊन रे बाबू, पेटी काऊन आनली?"

मी सांगितलं.

"नेऊन ठेव वापस. तुया वावरात माया कोट उभा राहीन. कोंब येईपर्यंत कोनाले देत नाही."

मी परत गेलो. पेरणी झाल्याचा आईचा निरोप आला. त्यानंतरच्या रविवारी मी गावी आलो आणि फाट्यावर उतरून घरी न जाता सरळ वावरात गेलो. सकाळचं धुकं होतं. कोट वावराच्या मध्यभागी हात पसरून उभा होता. समोर काही पारवे उतरत होते. एकाएकी कोट खोकला, मग हात हलवत, "हो हो हो" करत त्यांच्यामागे धावला. पारवे गेले. काका कमरेवर हात ठेवून दम घेत उभे राहिले.

"काका, बंदूक?"

"ठान्यात. इलेक्शन लागलं ना. तालुक्यातल्या समद्यांच्या बंदुका जमा करून घेतल्या." ते पुन्हा खोकले. "दोनचार दिस लटकवून पाह्यला कोट. समजलं त्याइले. बिनबाराचा कोट म्हंजे खुटीवरचं फडकं. मंग म्या म्हटलं, आपनच उभं राहावं. काडी धावत नाही, मानूस धावते."

"आणि तुमचं वावर?"

नाल्यापलीकडच्या आपल्या वावराकडे त्यांनी पाहिलंही नाही. "तिकडं कोन हाये? कोट एक, मानूस एक."

त्यांच्या वावरात मी जाऊन आलो. ओळीने उकरलेली माती होती आणि पारवे निवांत चालत होते. मी परत येऊन म्हणालो, "आता मी राहतो. द्या कोट." त्यांनी बटणं लावून घेतली.

"तुले कॉलेजात हजेरी हाये. मले इथं. जाय."

आमचा हरभरा त्या साली चांगला आला. काकांच्या वावरात काही उगवलं नाही. निवडणुकीच्या निकालानंतर बंदूक परत मिळाली, तोवर पेरणीचा वाफसा गेला होता, जमीन सुकली होती. याबद्दल आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही. आईने एकदा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, पारव्याइनं खाल्लं. परक्यानं थोडीच खाल्लं?" खोकला मात्र दर हिवाळ्यात येऊ लागला.

मला बासरकडच्या एका शाळेत नोकरी लागली. तिथून मी त्यांना पहिलं पत्र पाठवलं. काका वारल्यावर काकूंनी ते कोटाच्या आतल्या खिशातून काढून माझ्या हातात दिलं. घड्यांवर बंदुकीच्या दारूचे काळे डाग होते. पत्र असं:

ती. किसनकाका यांस,

आनंदचा नमस्कार. मी इथे सुखरूप आहे. आमच्या शाळेच्या छपरातही पारवे आहेत. मुलं टाळ्या वाजवतात, ते उडतात आणि फिरून तिथेच बसतात. मुलांनी मला उपाय विचारला. मी तुमचं नाव सांगितलं.

पहिल्या पगारातून तुम्हाला नवा कोट शिवायचं मनात होतं. आईने निरोप धाडला की नवा कोट नको, पारवे ओळखणार नाहीत. तिचं म्हणणं पटलं. म्हणून लोकरीचं बिनबाह्यांचं स्वेटर पाठवत आहे. कोटाच्या आतून घाला. बाहेरून दिसणार नाही असंच निवडलं आहे.

हरभऱ्याच्या पेरणीला मी रजा काढून येतो. यंदा तुमच्या वावरात मी उभा राहीन. बंदूक ठाण्यात असली तरी चालेल. कोट तेवढा द्या.

आपला,
आनंद